दोन टोमॅटो

"सप्टेंबरात परत येणार ना, लाओशी?" भाजीवालीनं विचारलं (लाओशी म्हणजे शिक्षिका), आणि मी पटकन "येणार" म्हणून गेले.

2019 च्या जूनचा शेवटचा आठवडा होता. चीनच्या युनान प्रांतातल्या कुनमिंगमध्ये पाऊस सुरू झाला की त्याची वेळ ठरलेली असते. सकाळी स्वच्छ ऊन, दुपारी तीन-चारच्या सुमारास एक जोराची सर, आणि संध्याकाळी डोंगर इतके जवळ आलेले की हात लावावा. अशाच एका सरीनंतर मी विद्यापीठाच्या मागच्या फाटकाबाहेरच्या भाजीबाजारात गेले होते. पत्र्याच्या कडेवरून अजून थेंब गळत होते, खालच्या ओल्या सिमेंटवर कोबीची पानं चिकटलेली होती, आणि पुदिन्याच्या जुड्यांचा वास सगळ्या गल्लीत भरला होता. मी दोन टोमॅटो घेतले. तिनं ते तराजूवर ठेवले, रक्कम सांगितली, आणि मी तिच्या गाळ्याच्या खांबाला चिकटवलेल्या चौकटीवर फोन धरला. पैसे पोचल्याचं फोनमधल्या बाईनं मोठ्यानं जाहीर केलं. एवढ्या वेळात तिनं तो प्रश्न विचारला होता आणि मी उत्तर देऊन मोकळी झाले होते. खोलीवर दोन बॅगा उघड्या पडल्या होत्या. तिकीट 6 जुलैचं होतं, एकेरी.

खोटं बोलायची काही गरज नव्हती, आणि म्हणूनच ते डाचत राहिलं. ती काही मला थांबवणार नव्हती, रडणार नव्हती, कारण विचारत बसणार नव्हती. पाच वर्षं आठवड्यातून तीनदा मी तिच्याकडून भाजी घेतली होती. चिनी भाषेत मावशीला 'आयी' म्हणतात आणि बाजारातल्या, स्वयंपाकघरातल्या, झाडलोट करणाऱ्या कुठल्याही वयस्क बाईला तशीच हाक मारतात. मीही मारायची. पण सोलापूरच्या कानाला त्या शब्दात दुसरंच काहीतरी ऐकू येतं. पहिल्या वर्षी, भाषा धड येत नसताना, गर्दीतून "आयी" अशी हाक मारून माझाच गळा दाटून आला होता. त्या बाईला मी खोटं सांगून दोन टोमॅटो पिशवीत घालून निघून आले.

आमच्या घरात उंबऱ्यावर 'जाते' म्हणायची बंदी होती. दुकानात जा नाहीतर दुबईला, तोंडातून निघायला हवं ते 'येते'च. चुकून कुणी 'जातो' म्हणालं तर आजी त्याला परत आत बोलावून पाटावर बसवायची, पाण्याचा घोट द्यायची आणि मग पुन्हा निघायला लावायची. 2014 मध्ये मी चीनला निघाले तेव्हा बाबा सोलापूर स्टेशनवर सिद्धेश्वर एक्सप्रेसच्या खिडकीशी उभे होते. गाडी हलली तशी मी "येते" म्हणाले आणि ते "ये" म्हणाले. बस, एवढंच. त्या शब्दात निरोप असतो पण जाणं नसतं, आणि पुढची चार वर्षं तो खराही ठरला. दर जुलैत मी यायची, दर ऑगस्टच्या शेवटी त्याच फलाटावर तेच दोन शब्द बोलले जायचे. चिनी माणूस असं करत नाही. निघणारा सरळ "वो जौ ला" म्हणतो, म्हणजे मी निघालो, निघालोच. ('जौ'मधला ज आपल्या 'जरा'तला.) राहणारा म्हणतो "मान जौ", हळू जा. मला सुरुवातीला ते कोरडं वाटायचं. नंतर कळत गेलं की त्यात एक प्रामाणिकपणा आहे. तू जाणार हे मला मान्य आहे, फक्त घाई करू नकोस, ठेच लागू देऊ नकोस.

मग मी आयीला जे सांगितलं ते आजीनं शिकवलेलं 'येते' होतं की नुसतं खोटं होतं, याचा निकाल मला त्या संध्याकाळी लावता आला नाही.

मी तिथं हिंदी शिकवत होते. सोलापूरची मुलगी, घरात मराठी, शेजारी कन्नड आणि तेलुगू, आणि पोट भरलं ते चीनमध्ये हिंदी शिकवून. भारतीय पासपोर्टवर तिथं इंग्रजी शिकवायचा परवाना मिळणं कठीण, त्यासाठी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा ठरावीक देशांचं नागरिकत्व लागतं; हिंदीला मात्र माणूस हवाच असतो. माझं विद्यापीठ कुनमिंग शहराच्या दक्षिणेला, चंगगोंगमध्ये होतं. त्याआधीच्या काही वर्षांत शहरातली बरीच विद्यापीठं तिकडं हलवली होती. रुंद रस्ते, नवी झाडं, वारा आणि लांबच लांब फाटकं. पहिल्या वर्षी मला ती जागा अगदी बिनआठवणीची वाटली होती. मग एकदा विभागातल्या सहकारी बाईंनी सांगितलं की चीनमध्ये हिंदी पहिल्यांदा रीतसर शिकवली गेली ती इथंच. 1942 मध्ये सरकारनं पूर्वेकडच्या भाषांसाठी एक शाळा काढली, ती या चंगगोंगमध्ये. युद्धाचे दिवस. जपान्यांनी किनारा व्यापलेला, त्याच वर्षी ब्रह्मदेशातला रस्ताही तुटला, आणि आसामातून डोंगरांवरून कुनमिंगला उतरणारी विमानं एवढाच बाहेरच्या जगाशी धागा उरला. अशा वेळी कुणाला तरी वाटलं की शेजाऱ्याची भाषा येणारी माणसं आपल्याकडं असावीत. पुढं ती शाळा चोंगछिंगला गेली, तिथून नानजिंगला, आणि 1949 मध्ये पेकिंग विद्यापीठात विलीन झाली. हे कळल्यावर मी फाटकाबाहेरच्या मोकळ्या जमिनीकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागले. इथं कुठंतरी, बॉम्बच्या भोंग्यांच्या दिवसांत, कुणीतरी फळ्यावर 'क' काढला होता.

माझ्या फळ्यावरचा 'क' बहुतेक मुलांना सोपा जायचा आणि 'ग' जड. चिनी भाषेत श्वास सोडून किंवा न सोडता बोलण्याचा फरक आहे, पण आपल्या ग, द, ब मध्ये घशात जे घुमतं ते नाही. त्यामुळं गाडीची काडी व्हायची, दालचं ताल व्हायचं आणि भारतचं पारत. मी मुलांना गळ्यावर दोन बोटं ठेवून 'ग' म्हणायला लावायची; कंप जाणवला तर बरोबर. वीस मुलं गळ्याला हात लावून बसलेली आणि वर्गभर एक घुमणारा आवाज. एका वर्षी मात्र शेवटच्या बाकावरचा एक मुलगा माझ्या पुढं पुढं म्हणत गेला. मी 'क' काढला तर तो पुटपुटत 'ख, ग, घ, ङ' पर्यंत पोचला. आधी कुठं शिकलास विचारलं तर म्हणाला, कुठंच नाही. तो दक्षिण युनानमधल्या शीश्वांगबान्नाचा, दाई समाजातला. लहानपणी गावातल्या बौद्ध विहारात श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, म्हणून दोन वर्षं राहिलेला. त्यांची जुनी लिपी ब्राह्मीच्याच कुळातली, अक्षरांचा क्रम तोच. विहारात म्हाताऱ्या भिक्खूनं त्याच्याकडून जे घोकून घेतलं होतं तेच मी फळ्यावर लिहीत होते. तो मला शिकवल्यासारखा म्हणत होता आणि मी खडू धरून ऐकत होते. अजून कधी मन उदास झालं तर मला तो तास आठवतो. शाळेत बाईंनी पाटीवर गिरवून घेतलेला क-ख-ग-घ इतक्या लांब, मेकाँगच्या काठावर, वेगळ्या वाटेनं जाऊन माझी वाट बघत बसला होता.

मे महिन्यात मी विभागात सांगितलं की करार पुढं वाढवणार नाही. सहकारी बाई स्वतः वर्ध्याला, महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात वर्षभर राहून आलेल्या. तिकडून त्यांनी तर्री-पोह्यांची आवड आणली होती आणि एक मराठी शब्द आणला होता, 'बरं'. विदर्भातली माणसं प्रत्येक गोष्टीला हा शब्द लावतात हे त्यांच्या लक्षात आलं होतं आणि त्या तो अचूक वापरायच्या. मी जाणार म्हटल्यावर त्या कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "बरं." मला तो 'बरं' पूर्ण समजला. परवानगी, दुःख, सगळं त्यात होतं. नंतर त्यांनी फक्त एक गोष्ट मागितली, माझा प्रेशर कुकर. कुनमिंग साधारण 1,900 मीटर उंचीवर आहे, तिथं पाणी लवकर उकळतं आणि डाळ शिजता शिजत नाही. आईनं दिलेला तो तीन लिटरचा कुकर पाच वर्षं माझ्या खोलीत शिट्ट्या मारत होता. तो देताना मी जास्तीची गॅस्केट आणि शिट्टीचं वजन वेगळ्या पुडीत बांधून दिलं.

शेवटचे दिवस फार काही भावनांचे नसतात. कागदांचे असतात. एक तक्ता हातात मिळतो. ग्रंथालय, वित्त विभाग, निवास, संगणक कक्ष, परराष्ट्र कार्यालय. प्रत्येक खिडकीशी जायचं, आपलं तिथं काही देणं उरलेलं नाही हे दाखवायचं आणि लाल गोल शिक्का घ्यायचा. कामाचा परवाना रद्द केल्याचा कागद, बँकेचं खातं बंद, फोनचा नंबर परत. एकेका शिक्क्यानं तुम्ही त्या जागेतून थोडे थोडे पुसले जाता. ग्रंथालयातल्या मुलीनं माझं कार्ड घेतलं, त्याचा कोपरा कात्रीनं कापला आणि तुकडा मला परत दिला, आठवण म्हणून ठेवा म्हणाली. बाहेर पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलं रस्त्याच्या कडेला चादरी अंथरून आपलं सामान विकत बसली होती. टेबललॅम्प, वह्या, छत्र्या, प्लॅस्टिकच्या बादल्या, इंग्रजीच्या परीक्षेची जाडजूड पुस्तकं किलोवर. चार वर्षांचं आयुष्य एका चादरीवर मांडलेलं, आणि मुलं मजेत हसत भाव करत होती. मला माझं सामान असं मांडता आलं नसतं. माझ्या तीन सोलापुरी चादरींपैकी एक मी निवासाच्या दारावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याला दिली.

त्याला ती द्यायचं कारण वेगळं आहे. 2014 मध्ये मी पहिल्या दिवशी बॅगा ओढत आले तेव्हा त्यानं नोंदवहीत माझा देश लिहून घेतला आणि मान वर करून म्हणाला, "इंदू? ख दीह्वा!" मला काही कळेना. त्यानं पुन्हा म्हटलं, हात स्टेथोस्कोप असल्यासारखा छातीवर लावून दाखवला. तेव्हा लक्षात आलं. ख दीह्वा म्हणजे द्वारकानाथ कोटणीस. मी माझ्या मोडक्या चिनीत त्याला सांगितलं की मी त्यांच्याच गावची, एकाच शहरातली. तो खुर्चीवरून उठून उभा राहिला. नंतरची पाच वर्षं मी रात्री कितीही उशिरा आले तरी तो दार उघडायला उठून उभा राहायचा, आणि प्रत्येक वेळी मला ओशाळल्यासारखं व्हायचं, कारण तो माझ्यासाठी उठत नव्हता. सोलापुरात आम्ही भैय्या चौकातल्या त्या घरावरून शेकडो वेळा गेलो असू. पाच डॉक्टरांचं पथक 1938 मध्ये चीनच्या मदतीला निघालं, चौघं परत आले, हा परत आला नाही, 9 डिसेंबर 1942 ला, बत्तिसाव्या वर्षी, तिथंच गेला, हे शाळेत पाठ केलेलं. पण पाठ केलेली गोष्ट आणि एका म्हाताऱ्यानं खुर्चीवरून उठून दाखवलेली गोष्ट यात फार अंतर असतं. निघताना त्यांनीही घरी 'येतो'च म्हटलं असणार. सोलापुरातल्या मराठी घरातून निघणारा माणूस दुसरं काय म्हणणार?

बाबा गेले ते 2018 च्या दिवाळीनंतर. कुनमिंगहून कोलकात्याला तेव्हा थेट विमान होतं, अडीच तासांचं. आणि दोन्हीकडच्या घड्याळांत फरकही अडीच तासांचाच, त्यामुळं निघायची आणि उतरायची वेळ जवळपास एकच व्हायची. मला ते नेहमी मोठं नवल वाटायचं, मध्ये काही काळ गेलाच नाही असं. पण कोलकात्याहून पुणे, पुण्याहून सोलापूर, आणि त्या दिवशी तिकीट मिळायलाच दुपार झाली. मी पोचले तेव्हा अंगण झाडून झालेलं होतं. त्यानंतर आईला एकटं ठेवणं मला जमेना. कुणी मला परत ये म्हटलं नाही, आईनं तर नाहीच. पण चंगगोंगच्या खोलीत कुकरची शिट्टी झाली की मला वाटायचं, तिकडं सोलापूरला ती एका माणसाचा भात लावते आहे, इकडं मी एका माणसाचा, आणि मध्ये एवढा मोठा हिमालय.

मुलांनी निरोपाचं जेवण ठरवलं ते अळंब्यांचं. युनानमध्ये जून-जुलैत पहिल्या पावसाबरोबर जंगलातली अळंबी बाजारात येते आणि माणसं वेडी होतात. आपल्याकडं पहिल्या हापूसच्या पेटीभोवती जशी गर्दी होते तशी टोपल्यांभोवती असते. त्यातल्या एका जातीला 'ज्येन शौ छिंग' म्हणतात. भीमा नदीचं नाव घेतलेल्या मुलीनं (वर्गातल्या मुलींना मी आपल्याकडच्या नद्यांची नावं दिली होती) मला त्याचं हिंदी करून सांगितलं, "हाथ देखते ही नीला." खरंच, त्या अळंबीचा पिवळा गाभा बोटानं दाबला की बघता बघता निळा पडतो. कच्ची राहिली तर विषारी. युनानची माणसं सांगतात की ती अर्धकच्ची खाल्ली की डोळ्यांसमोर छोटी छोटी माणसं नाचताना दिसतात. म्हणून हॉटेलात एक रीत असते. मोठ्या पातेल्यात कोंबडीचा रस्सा उकळत ठेवतात, त्यात अळंबी सोडतात, टेबलावर वीस मिनिटांचं घड्याळ लावतात, आणि ते वाजेपर्यंत चॉपस्टिक्स देतच नाहीत. आमच्यापुढं रिकाम्या वाट्या, मध्ये उकळणारं पातेलं, वाफेत माती, पावसाचं पाणी आणि भाजलेल्या सुपारीसारखा एक वास. वीस मिनिटं चौदा माणसं हात मांडीवर ठेवून बसलेली. एरवी गडबड करणारी मुलं गप्प होती. फोटो काढून झाले, हसून झालं, तरी घड्याळावर अकरा मिनिटं उरली होती.

तेव्हा भीमेनं विचारलं, "मॅडम जी, 'आप जाएँगी' और 'आप चली जाएँगी', इनमें क्या अंतर है?"

ती वर्गातली सगळ्यात अबोल मुलगी. प्रश्न विचारायची तो व्याकरणाचाच. मी पर्समधून पेन काढून कागदी रुमालावर दोन्ही वाक्यं लिहिली. वर्गात संयुक्त क्रियापदं शिकवताना मी सांगायची की 'चला जाना'मध्ये जाणं पुरं होतं, माणूस दृष्टीआड होतो. मराठीत जाणं आणि निघून जाणं, तसंच. पण त्या रुमालावर लिहिताना मला पहिल्यांदाच एक गोष्ट दिसली, आणि मी ती तशीच तिला सांगितली. 'आप जाएँगी' या वाक्यात फक्त जाणारी आहे. 'आप चली जाएँगी' हे वाक्य जो मागं उरतो त्याच्या जागेवरून बोललेलं आहे. त्यात तोही उभा आहे, दाराशी. तिनं मान हलवली. रुमाल घडी करून वहीत ठेवला. मग म्हणाली, "तो दूसरा वाला ठीक है." आणि घड्याळ वाजलं, आणि वाढणारी मुलगी सगळ्यांच्या चॉपस्टिक्स घेऊन आली, आणि एकदम मोठा कल्ला झाला. मी वाटीत तोंड घालून रस्सा प्यायले. इतका खोल, इतका गोडसर रस्सा मी आयुष्यात प्यायलेला नाही, आणि त्याची चव मला नीट आठवतही नाही.

मुलांना मी खरं सांगितलं होतं, विभागाला सांगितलं होतं, पहारेकऱ्याला सांगितलं होतं. एकट्या आयीला नाही. जेवणानंतर खोलीवर चालत येताना मला वाटलं, ज्यांच्याशी माझं काही नातं ठरलेलं होतं, विद्यार्थी, सहकारी, त्यांचा निरोप घ्यायची रीतही ठरलेली होती. जेवण, भाषण, फोटो. आयीशी असलेल्या नात्याला नाव नव्हतं म्हणून त्याला निरोपही नव्हता, आणि म्हणून मी ते आहे तसंच, अर्धवट, सप्टेंबरवर ढकलून दिलं. मला तिचं नाव माहीत नव्हतं. तिला माझं नव्हतं. खांबावरच्या त्या चौकटीत तिच्या नातवाचा फोटो होता, सशाच्या कानांची टोपी घातलेला, आणि पाच वर्षांत तो फोटो बदलला नाही, तेव्हा नातू एव्हाना शाळेत जायला लागला असणार एवढंच मी मनाशी धरलं होतं.

त्या जुलैत मला एक खात्री होती. आज नाही तर पुढच्या वर्षी, नाहीतर त्याच्या पुढच्या, अडीच तासांचं तर विमान, मी येईन. खोटं पुढं कधीतरी खरं करता येईल असं मनात होतं. 2020 च्या सुरुवातीला विमानं थांबली. जूनमध्ये गलवान झालं, आणि 29 जूनला आपल्याकडं जी चिनी ॲप्स बंद झाली त्यात वीचॅटही होतं. माझी सगळी मुलं त्यात होती. अक्षरं गिरवलेल्या वह्यांचे फोटो, दाई मुलाच्या गावच्या पाणी उडवायच्या सणाचे फोटो, आयीला दिलेल्या दोन दोन, तीन तीन युआनच्या पावत्या. काही आठवड्यांत ते सगळं उघडेनासं झालं. चार-पाच मुलांशी ईमेलवर धागा राहिला. भीमा आता स्वतः हिंदी शिकवते, आणि अधूनमधून एखादा व्याकरणाचा प्रश्न पाठवते. थेट विमानं पुन्हा उडाली ती 2025 च्या ऑक्टोबरच्या शेवटी, कोलकात्याहून क्वांगचौला. ती बातमी वाचली तेव्हा आईला गुडघ्यामुळं जिना चढवत नव्हता आणि मी गॅसवर कुकर चढवत होते. मी बातमी दोनदा वाचली आणि मला पहिल्यांदा आठवले ते दोन टोमॅटो.

कारण 5 जुलैला मी पुन्हा बाजारात गेले होते.

भाजी घ्यायची नव्हती. खोलीत चूल नव्हती, कुकर गेला होता, पातेली वाटून झाली होती. त्या दिवशी पाऊस दुपारीच येऊन गेला होता आणि आयी लाल मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. मी समोर उभी राहिले आणि म्हणाले, आयी, मी सप्टेंबरात येणार नाही. उद्या निघाले. घरी आई एकटी आहे. माझी चिनी पाच वर्षांत पुष्कळ सुधारली होती, तरी ते वाक्य मी खोलीतून म्हणत म्हणत आले होते. तिनं हातातली मिरची खुडून पुरी केली. मग म्हणाली, "माहीत आहे." मला वाटलं तिनं नीट ऐकलं नाही. ती म्हणाली, तू एरवी दर आठवड्याला एवढं आलं नेतेस, आणि मूठ दाखवली. लसणाची अख्खी जाळी नेतेस. तीन आठवडे झाले, आलं नाही, लसूण नाही. परवा दोन टोमॅटो. "जाणारी माणसं आलं घेत नाहीत." पोरंही अशीच, म्हणाली, दरवर्षी जूनमध्ये. मग तुम्ही सप्टेंबरचं का विचारलंत, असं मी विचारलं. ती थोडी हसली. "विचारायचं असतं."

मग तिनं टोपलीतून कांद्याच्या पातीच्या पाच-सहा काड्या उचलल्या, मुळांची माती झटकली आणि माझ्यापुढं धरल्या. तिथं भाजीवाल्या बायका भाजीवर दोन काड्या पात फुकट घालतात, आपल्याकडं कोथिंबीर-कढीपत्ता घालतात तशा. पण मी काही घेतलंच नव्हतं. मी म्हणाले, चूल नाही आता, कुठं घालू? ती म्हणाली, "सोंग नी." हे दोन शब्द मी तिच्याकडून शेकडो वेळा ऐकले होते: हे तुला, असंच, पैसे नकोत. पण चिनीत 'सोंग' म्हणजे देणं आणि 'सोंग' म्हणजेच पोचवायला जाणं, वेशीपर्यंत, फाटकापर्यंत. तुला देते. तुला पोचवते. माझ्या कानात मात्र त्याच वेळी आपला मराठी 'सोंग'ही वाजला, आठवडाभर मी आणलेलं ते सोंग, तिनं पहिल्याच दिवशी ओळखलेलं. मी पात घेतली. ती "मान जौ" म्हणाली आणि पुढच्या मिरचीला हात घातला.

खोलीवर आले तेव्हा नुसती गादी आणि दोन बॅगा होत्या. खानावळीतून एक वाफवलेला पाव आणला होता, अजून गरम. आईनं दिलेल्या शेंगाच्या चटणीच्या डब्यात तळाशी दीड चमचा चटणी उरली होती. बेसिनमध्ये पात धुतली, मुळं नखानं तोडली, खिडकीत बसले. आमच्याकडं शेतावर भाकरीबरोबर अशीच खातात, कच्ची, चटणीत बुडवून. पहिल्या काडीनं नाकातून पाणी आलं. ती पात आपल्यापेक्षा लांब, पांढरा भाग जाड आणि रसाळ, तिखट तेवढीच. खाली फाटकाशी पहारेकऱ्यानं दिवा लावला. मी सगळ्या काड्या संपवल्या.